आतल्या बाजूची पिन

मी सेफ्टी पिन बोलतेय. माझ्या बोलण्यात कुठे काही टोचलं तर राग मानू नका. जन्मच तसला आहे.

तो कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. एक लांबलचक तार होती, ती कापली, वळवली, एका टोकावर टोपी बसवली आणि दुसऱ्याला धार लावली, एवढंच अंधूक आठवतं. शुद्धीवर आले तेव्हा मी एका जाड कागदावर बहिणींच्या ओळीत टाचलेली होते आणि ग्रीसमधल्या नेआ माक्री गावातल्या सुया-दोऱ्यांच्या दुकानात, काचेमागे उन्हात तापत होते. आम्ही दिवसभर गप्पा मारायचो. प्रत्येकीला नवरीच्या झग्याला लागायचं होतं. पडदेवाल्याच्या हातात पडायचं नव्हतं, एवढं सगळ्यांचं एकमत होतं.

मला नेलं देस्पिनाबाईंनी. त्यांच्या सुनेला, एवान्थियाला, मुलगी झाली होती. बाईंनी मला उघडून, मिटून, पुन्हा उघडून पाहिलं. "पोराच्या अंगाला लावायची आहे, सैल असेल तर तुला परत आणून टोचीन," असं त्यांनी दुकानदाराला बजावलं आणि मला रुमालात बांधून घरी आणलं. घरी त्यांनी माझ्यात एक निळा काचेचा मणी ओवला. त्या मण्यावर पांढरा-काळा डोळा रंगवलेला होता. मग बाळाच्या झबल्याला त्यांनी आम्हा दोघांना टाचलं, तेही आतल्या बाजूने.

"आतून कशाला, आई?" एवान्थियाने विचारलं.

"बाहेर लावला की लोक त्याच्याकडे बघतात," देस्पिनाबाई म्हणाल्या. "आत लावला की तो लोकांकडे बघतो."

त्या झबल्यातच मला या लोकांचा पहिला कायदा कळला. इथे कौतुक मोकळं सोडायचं नाही. बाळ बघायला येणारा "काय गोड पोरगी आहे!" म्हणाला की लगेच पुढे "फ्तू, फ्तू, फ्तू!" आलंच पाहिजे. खरी थुंकी उडवायची नसते, नुसता आवाज करायचा. तेवढ्याने दृष्ट टळते. एकदा लांबची एक मावशी पोरीचं तोंड भरून कौतुक करून, फ्तू न करता निघून गेली आणि मिर्तोने (हे त्या मुलीचं नाव) रडून घर डोक्यावर घेतलं. तेव्हा देस्पिनाबाईंनी बशीत पाणी घेतलं, त्यात तेलाचा थेंब सोडला आणि ओठातल्या ओठात मंत्र पुटपुटत एवढ्या जांभया दिल्या की मीही उघडते की काय असं मला वाटलं.

हा मंत्र बाईने बाईला सांगायचा नसतो. बाईने पुरुषाला द्यायचा, पुरुषाने बाईला. म्हणून देस्पिनाबाईंनी जगातून जाताना तो सुनेला न देता मुलाला दिला. हा मुलगा म्हणजे एवान्थियाचा नवरा, प्रोद्रोमोस. या नावाचा अर्थ पुढे धावणारा. प्रत्यक्षात हा माणूस बस सुटत असली तरी धावत नसे. आयुष्यभर त्याने लोकांच्या घरात गुडघे टेकून फरशा बसवल्या. गुडघ्यांचं जे काही काम होतं ते आपण केलं, असं त्याचं म्हणणं होतं.

मिर्तो मोठी झाली. मणी प्रोद्रोमोसच्या मालवाहू गाडीच्या आरशाला लटकला, आणि मी बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात पडले. त्यात दोऱ्यांची रिळं, अनाथ बटणं आणि एक मोडकी टेप होती. वर्षंच्या वर्षं गेली. कधी पायजम्यात नाडी ओवायला मला बाहेर काढत, कधी तुटक्या चेनीच्या जागी लावत. काम झालं की परत डब्यात. माणसांना पिनेची आठवण काहीतरी सुटल्याशिवाय होत नाही.

फक्त नोव्हेंबरातल्या एका रविवारी डब्यातही गडबड ऐकू यायची. मॅरेथॉन गावातून अथेन्सच्या संगमरवरी स्टेडियमपर्यंत जाणारी शर्यत याच घराच्या दारावरून जाते. एवान्थिया आदल्या दिवशी अंगणातल्या ऑलिव्हच्या डहाळ्या कापून बादलीत ठेवायची आणि सकाळपासून रस्त्यात उभी राहून धावणाऱ्यांच्या हातात एकेक द्यायची. बेकरीत काउंटरमागे तीस वर्षं उभी राहिलेली बाई ती, उभं राहण्याचं तिला काही वाटत नसे. प्रोद्रोमोस दारात निळी लाकडी खुर्ची टाकून कॉफी पीत बसायचा आणि "हा पोचत नाही," "ही पोचेल," असे निकाल द्यायचा.

एका वर्षी शर्यत संपल्यावर सगळे जेवायला बसले होते. मिर्तो आता अथेन्समध्ये नोकरी करत होती आणि हौसेने पळतही होती. ती सहज म्हणाली, "आई, इतकी वर्षं डहाळ्या वाटल्यास. आता एखादी घ्यायला ये की."

प्रोद्रोमोस इतका हसला की घास अडकला आणि पाठीत धपाटे घालावे लागले. "तुझी आई? आपल्या दारापर्यंत येईल. मी खुर्ची टाकूनच ठेवतो. बस म्हणावं, कॉफी पी म्हणावं, घरी आलीस."

एवान्थिया उठली. ताटं उचलली, धुतली, पुसली. दुसऱ्या दिवशी तिने डबा उघडला, मला शोधून काढलं आणि घराची चावी माझ्यात अडकवून मला आपल्या पायजम्याच्या कमरेला टाचलं. मग समुद्राच्या कडेने चालायला लागली. कोपऱ्यावर कुणी बघत नाही असं बघून चार पावलं पळाली. चावीचा खुळखुळ आवाज झाला म्हणून लाजून पुन्हा चालायला लागली. आमच्या पळण्याची सुरुवात ही अशी झाली.

उन्हाळा येईपर्यंत आम्ही चौघं झालो होतो, मला धरून पाच. एवान्थिया, रविवारी बसने येणारी मिर्तो, मासळीवाला कोस्मास आणि म्हातारा आर्गिरिस. कोस्मासला डॉक्टरने पोट कमी करायला सांगितलं होतं. आर्गिरिसने जन्मभर याच रस्त्यावर अथेन्सची बस चालवली होती, त्यामुळे त्याला प्रत्येक चढ गिअरवरून ओळखू यायचा. "पिकेर्मी सुटलं की दुसरा टाकायचा," तो सांगायचा. "तिथे ज्याने तिसऱ्याचा हट्ट धरला, त्याचं इंजिन स्ताव्रोसच्या आधी उकळलं. मी डोळ्यांनी पाहिलंय."

फोनवर त्यांचा एक गट होता, त्याचं नाव गोगलगाई. एवान्थिया चष्मा लावून संदेश मोठ्याने वाचायची, त्यामुळे मला सगळं कळायचं.

"आज राफिना बंदरापर्यंत गेलो आणि आलो. वाऱ्यासारखा," कोस्मास लिहायचा.

"वाऱ्याला मी बंदरावर आईस्क्रीम खाताना पाहिलं," आर्गिरिसचं उत्तर यायचं.

"वारासुद्धा कधीकधी पडतो, काका."

रविवारी पळून झालं की सगळे किनाऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात बसायचे. तिथे प्रत्येकाने आपला आठवडा सांगायचा. कोण कुठपर्यंत गेलं, कुणाला कुठे कुत्रं लागलं, कुणाच्या बोटाला फोड आला. मग कौतुक आणि कौतुकामागून फ्तू फ्तू फ्तू. एवान्थिया पहिल्यांदा न थांबता टेकडीवरच्या चर्चपर्यंत पळाली, त्या दिवशी बाकीच्या तिघांनी मिळून इतकं फ्तू केलं की शेजारच्या टेबलावरच्या लोकांनी कपांवर हात ठेवले. ती खुशीत घरी आली. गाल लाल, केस विस्कटलेले. प्रोद्रोमोस कोडं सोडवत बसला होता.

"चर्चपर्यंत गेले. न थांबता," ती म्हणाली.

"चावी आणलीस का?" त्याने मान वर न करता विचारलं.

आणि हे दर वेळी. राफिनापर्यंत गेली तरी चावी, पिकेर्मीपर्यंत गेली तरी चावी. गावातल्या लोकांनाही त्याने खुर्चीची गोष्ट सांगून ठेवली होती. बेकरीत ब्रेड घ्यायला येणारे विचारायचे, "काय एवान्थिया, खुर्ची पुसून ठेवली का?" ती हसून सुटे पैसे द्यायची. पण मी तिच्या कमरेला होते, आणि ते हसणं पोटापर्यंत पोचत नव्हतं हे मला कळत होतं. तिला ना मेडल हवं होतं ना फोटो. नवऱ्याच्या तोंडून एकदा "वा!" ऐकायचं होतं, आणि तेवढ्यासाठी ती थेट स्टेडियमपर्यंत पळायला तयार होती.

ऑक्टोबरात ते स्ताव्रोसपर्यंत गेले. तो या रस्त्यावरचा शेवटचा चढ. तो सर झाला की पुढे अथेन्सपर्यंत उतार. एवान्थिया आर्गिरिसच्या दुसऱ्या गिअरमध्ये, नाकाने श्वास घेत, न थांबता वर पोचली. मिर्तो आधीच पोचली होती. तिने धावत येऊन आईला मिठी मारली. "आई! काय पाय आहेत गं तुझे! घोडी आहेस नुसती!"

आणि ती पाणी आणायला वळली. फ्तू राहिलं.

कोस्मास केळं सोलत होता, आर्गिरिस बुटाची नाडी बांधत होता. फ्तू राहिल्याचं फक्त दोघींच्या लक्षात आलं. मी तर झबल्यापासून शिकलेली, आणि एवान्थियाचा हात चटकन गुडघ्याकडे गेलेला मी पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजला होता.

"मला दृष्ट लागली," तिने घरात जाहीर केलं. बेकरीत रजा सांगितली आणि नवऱ्यासमोर जाऊन बसली. "काढ."

प्रोद्रोमोसने बशीत पाणी घेतलं, तेलाचा थेंब सोडला. थेंब पसरून नाहीसा झाला, म्हणजे दृष्ट होती. तो मंत्र पुटपुटायला लागला आणि जांभई आली. दृष्ट जितकी जड, तितकी जांभई मोठी. मग दुसरी. मग अशी एक आली की दाढा मोजता आल्या असत्या.

"जबरदस्त आहे," त्याने डोळे पुसत सांगितलं. "कौतुक कुणी केलं?"

"मिर्तोने. फ्तू करायची राहिली."

"मग लागणारच. परक्याची नजर काय, येते नि जाते. आपल्या माणसाची नजर सगळ्यात जड." त्याने बशी बाजूला सारली. "पळणं बंद कर आता."

"जांभया मसूर खाल्ल्याच्या आहेत तुझ्या."

"मसुराची जांभई वेगळी असते. मला शिकवू नकोस."

गावातल्या डॉक्टरीणबाईंनी गुडघा दाबून पाहिला आणि थोडे दिवस विश्रांती, मग हळूहळू सुरू, असं सांगितलं. एवान्थियाने दोघांचंही ऐकलं, पण आपल्या पद्धतीने. विश्रांती घेतली, मग पुन्हा पळायला लागली. फक्त सांगायचं बंद केलं. कुणाला कळलंच नाही तर कौतुक कोण करणार, आणि कौतुकच नाही तर दृष्ट कुठून लागणार! राफिनाहून घामाघूम होऊन परतल्यावर ती गटावर लिहायची, "आज विशेष काही नाही. जरा चालले."

गंमत अशी की दृष्टीची बातमी गटात पसरली आणि बाकीचेही सावध झाले. वाऱ्यासारखा पळणारा कोस्मास लिहू लागला, "दुकानातून घरी गेलो." आर्गिरिसने लिहिलं, "गाडी गॅरेजमध्ये." रविवारी कॉफीला सगळे मान खाली घालून बसायचे. आठवडा कसा गेला विचारलं की सगळ्यांचं "ठीक, ठीक." एकमेकांना जोर द्यायला जमलेली माणसं चोरासारखी तोंड लपवायला लागली. कॉफीवाल्याला वाटलं, यांच्यात जमिनीवरून भांडण झालं असावं.

या सगळ्यात खरी होरपळली ती मिर्तो. तिचा दृष्टीवर विश्वास नव्हता, पण आईवर होता. आई "जरा चालले" म्हणते म्हणजे चाललीच असणार, असं ती धरून चालली होती. शर्यतीच्या आधीच्या रविवारी ती कॉफीच्या दुकानात उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मी नाव काढून घेतेय. आईचं पळणं माझ्यामुळे सुटलं. ती दारात डहाळ्या वाटणार आणि मी पळणार, हे मला नाही जमणार."

मग आर्गिरिसने टेबलाखाली वाकून पाहिलं.

"एवान्थिया, तुझ्या बुटांचे तळवे दाखव."

"कशाला?"

"दाखव गं. बसचं टायर बघून सांगतो मी, गाडी गॅरेजमध्ये होती की रस्त्यावर."

एवान्थियाने पाय मागे ओढले. आर्गिरिसने एक धरून वर केला. तळवा झिजून गुळगुळीत झाला होता.

"जरा चाललीस होय! आणि तू रे, कोस्मास? दुकानातून घरी जाताना घोट्यापाशी मोज्याची पट्टी उन्हाने एवढी उमटते?"

"काका, तुमची पण उमटलीय," कोस्मास म्हणाला.

मिर्तो एकेकाकडे बघत राहिली. "म्हणजे तुम्ही सगळे पळत होतात? सगळे? आणि मी महिनाभर रडतेय!" ती रडत होती आणि हसतही होती. "खोटारडे! एक नंबरचे खोटारडे! आई, तू घोडीच आहेस! फ्तू, फ्तू, फ्तू! झालं? अजून करू? फ्तू!" मग सगळेच उठले आणि एकमेकांवर फ्तू करू लागले. शेजारच्या टेबलावरचे लोक या वेळी उठून आतच गेले.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी एवान्थिया झाडावर शिडी लावून डहाळ्या कापत होती. या वर्षी त्या शेजारीण पोलिक्सेनी वाटणार होती. आत पलंगावर तिचा टी-शर्ट पसरलेला होता आणि त्यावर छातीवरचा नंबर लावलेला. नंबराच्या चार कोपऱ्यांना चार कोऱ्या पिना होत्या, शर्यतवाल्यांनी दिलेल्या, चकचकीत. मी चावीसकट टेबलावर. "उद्या चावी नको," एवान्थिया सकाळी म्हणाली होती. "खुर्चीवर प्रोद्रोमोस असणारच." तेव्हा माझा या शर्यतीशी संबंध संपला असं धरून मी डब्याची मानसिक तयारी करत होते.

तेवढ्यात प्रोद्रोमोस आत आला. खिडकीतून शिडीकडे नजर टाकली, दार लोटलं. मला चावीतून सोडवलं. मग खिशातून काहीतरी काढलं, आणि मी ओळखलं. माझा मणी! गाडी विकल्यापासून तो याच्या खिशात होता. एका कडेला टवका उडाला होता, पण डोळा शाबूत होता.

फरशा बसवून बसवून जाड झालेल्या त्या बोटांना मी काही धड सापडेना. मी त्याला दोनदा टोचले, त्याने मला एकदा शिवी दिली. शेवटी त्याने मण्यासकट मला टी-शर्टला टाचलं, नंबराच्या मागे, आतल्या बाजूने. टी-शर्टवर हात ठेवून त्याने मंत्र पुटपुटला आणि मग जांभई, मग जांभई, मग डोळ्यांत पाणी. जांभईचं म्हणायचं. चकचकीत पिना बाहेरून विचारत होत्या, कोण आहे आत. मी उत्तर दिलं नाही.

शर्यत सुटली तेव्हा ऊन कोवळं होतं. कोस्मास खरोखर वाऱ्यासारखा पुढे गेला. मिर्तोला एवान्थियाने हाकललं, "तू तुझी पळ. माझ्यासाठी रेंगाळलीस तर बघ." आर्गिरिस आणि एवान्थिया बरोबर निघाले, गोगलगाईच्या बेताने. रस्त्याच्या दोन्ही कडांना लोक, पोरं हात पुढे करून उभी, "शाब्बास, काकू!" "शेवट गोड होऊ दे!" असा आरडाओरडा.

गाव जवळ आलं. गुडघा थोडा कुरकुरायला लागला होता. खुर्ची तिच्या डोळ्यांसमोर होती. खुर्चीवर बसलेला, कॉफी पुढे करणारा, "घरी आलीस" म्हणणारा नवरा होता. ती पुटपुटत होती, "बसणार नाही. काय वाटेल ते म्हण. बसणार नाही."

घर आलं. दारात निळी खुर्ची होती. खुर्चीत कुणी नव्हतं.

"प्रोद्रोमोस कुठाय?" तिने पोलिक्सेनीला विचारलं.

"कुणास ठाऊक गं!" पोलिक्सेनीने डहाळी पुढे केली. "पहाटेच गेला. चांगलं जाकीट घालून. मी विचारलं तर काही बोलला नाही."

एवान्थियाचा चेहरा असा झाला की डहाळी घ्यायला हात पुढे येईना. "म्हणजे बघवतसुद्धा नाही त्याला! तेवढंही नाही!" तिने खुर्चीला लाथ मारली. खुर्ची पायऱ्यांवरून गडगडत खाली आली. मग तिने डहाळी हिसकावून घेतली आणि अशी सुटली की आर्गिरिसला ओरडावं लागलं, "दुसरा गिअर! अगं बाई, दुसरा!"

मी आतून बघत होते. तिच्या काळजापासून बोटभर अंतरावर त्याचा मणी होता आणि ती त्याच्या नावाने खडे फोडत होती. राफिनापर्यंत तिने त्याची आळशी म्हणून, पिकेर्मीपर्यंत दगड म्हणून संभावना केली. पुढच्या चढावर त्याचं सगळं खानदान झालं. मला ओरडून सांगायचं होतं, अगं आत बघ! पण पिनेला एकच भाषा येते, आणि मिटलेल्या पिनेला तीही येत नाही.

रागाचा एक उपयोग झाला. स्ताव्रोसचा चढ तिने संपवला, तोही न थांबता. आर्गिरिसच्या पोटरीत तिथे गोळा आला. "तू जा," तो म्हणाला. "माझी गाडी येते मागून." ती एकटी उताराला लागली.

आणि उतारावर राग संपला. चढाला जो गुडघा कसाबसा चालला, तो उताराला चालेना. प्रत्येक पावलाला कळ. ती चालायला लागली. मग लंगडायला. हातातली डहाळी सुकून गेली होती. मागून येणारे पुढे जात होते. रस्त्याच्या कडेला एक वर्तमानपत्रांची टपरी होती. टपरीवाला बाहेर आला आणि त्याने एक प्लॅस्टिकची खुर्ची फुटपाथवर ठेवली.

"बसा, ताई. रंग उडालाय तुमचा. खूप पळालात."

सकाळपासून कुणीही एवढं गोड बोललं नव्हतं. एवान्थियाने खुर्चीकडे पाहिलं. "दारातली चुकवली आणि इथली आली," ती स्वतःशीच म्हणाली. तिने खुर्चीच्या पाठीला हात लावला, गुडघा सांभाळत वाकली, बसायला लागली.

तेव्हा मी टोचले.

मुद्दाम टोचले की इतक्या वर्षांनी माझी ताकद सरून मी नेमकी तेव्हा उघडले, हे मला विचारू नका. पण टोचले ती मनापासून. एवान्थिया किंचाळून ताठ उभी राहिली.

"काय झालं? काही चावलं का?" टपरीवाला घाबरला.

तिने गळ्यापाशी टी-शर्ट ओढून आत पाहिलं. मी दिसले. माझ्यात लटकलेला मणी दिसला, टवका उडालेला, झबल्यातला, मिर्तोचा. तो कुणाच्या खिशात असतो हे तिला ठाऊक होतं. ती पुष्कळ वेळ तशीच बघत उभी राहिली. आपल्या माणसाची नजर सगळ्यात जड, असं बशीवर वाकून म्हणणारा माणूस आजवर एक शब्द का बोलला नाही, हे तिला तिथे, त्या फुटपाथवर, एकदम कळलं.

"काय चावलं, ताई?"

"नवरा," ती म्हणाली. आणि रडत, हसत, लंगडत पुढे निघाली. खुर्ची तशीच राहिली.

स्टेडियममध्ये ती पोचली तेव्हा पायऱ्या बऱ्याच रिकाम्या झाल्या होत्या. मिर्तो आणि कोस्मास कडेला उभे राहून घसा फाटेस्तोवर ओरडत होते. आणि त्यांच्या शेजारी चांगलं जाकीट घालून प्रोद्रोमोस उभा होता. रस्ते बंद व्हायच्या आधीची पहिली बस पकडून तो आला होता आणि सकाळपासून त्या गार दगडावर बसून होता. शेवटची रेघ ओलांडून एवान्थिया सरळ त्याच्याकडे गेली. मेडल गळ्यात घालणारी मुलगी तिच्यामागे धावत आली.

"खुर्ची रिकामी का ठेवलीस?" धापा टाकत तिने विचारलं.

"मी असतो तर तुला बसवलं असतं," तो म्हणाला. "तू लंगडत येताना दिसली असतीस आणि मला राहवलं नसतं. माझं मला माहीत आहे ना. म्हणून इकडे आलो. इथे खुर्ची नाही."

"मग खुर्ची बाहेर काढलीस तरी कशाला?"

"तुला चीड यावी म्हणून."

त्याने जाकीट नीट केलं. इकडे तिकडे पाहिलं. मग हा माणूस, जो इतके महिने चावी सोडून काही विचारत नव्हता, भर स्टेडियममध्ये मोठ्याने म्हणाला, "काय पळालीस गं! एवान्थिया, काय पळालीस!" आणि स्वतःच्याच बोलण्याने घाबरून फ्तू, फ्तू, फ्तू, फ्तू करत सुटला. थांबेचना. शेवटी पहारेकरी आला.

"साहेब, संगमरवरावर थुंकायचं नाही."

"थुंकत नाहीत ते," मिर्तो डोळे पुसत म्हणाली. "खूप दिवसांचं साठलंय."

त्याला बरेच दिवस झाले. आता माझी टोपी सैल झालीय, घामाने अंगावर गंज चढलाय. नंबराच्या त्या चार चकचकीत पिना कुठे गेल्या कुणालाच माहीत नाही. मी मात्र डब्यात नाही. एवान्थियाने मला मण्यासकट प्रोद्रोमोसच्या चांगल्या जाकिटाला टाचलंय, आतल्या बाजूने. रविवारी तो ते जाकीट घालून गोगलगाईंच्या मागून समुद्रकाठी चालायला येतो. पळत नाही. ती पुढे गेली की हळूच "वा!" म्हणतो, मग फ्तू करतो. मला शेजारीच ऐकू येतं.

फार दिवस राहिले नाहीत माझे, म्हणून एक मागणं आहे. तुमच्या घरातही कुणीतरी पळत असेल, कुठेतरी पोचायची धडपड करत असेल आणि दमून घरी आल्यावर तुमच्या तोंडाकडे बघत असेल. चावी विचारू नका. आधी कौतुक करा. दृष्टीची भीती वाटली तर मागून पाहिजे तेवढं फ्तू करा, पण बोला. मिटून राहायला आम्ही पिना आहोत.